ओबीडी डोंगल आणि जीपीएस: गाडीला अडवणारा जोर मोजताना आलेला अनुभव

पावसाळ्यापासून हा संच वापरतोय: गाडीच्या ओबीडी सॉकेटला लावून तिच्या संगणकातले आकडे वाचणारा डोंगल, जीपीएस रिसीव्हर आणि हिशेब करणारं अ‍ॅप. वेगातली गाडी न्यूट्रलला टाकायची, ती किती झपाट्याने मंदावते ते नोंदवायचं आणि त्याला वजनाने गुणायचं, की गाडीला अडवणारा जोर न्यूटनमध्ये मिळतो. मायलेजची चाचणी रोलरवर होते, तेव्हा रोलरने किती रोध द्यायचा हेही याच रीतीने ठरतं.

नुसत्या डोंगलवर पैसे घालू नका. ओबीडीवरून वेग पूर्ण किलोमीटरमध्येच येतो: ३४, ३४, ३३. ताशी ३० च्या आसपास माझी हॅचबॅक सेकंदाला जेमतेम अर्धा किलोमीटर वेग गमावते, त्यामुळे आलेखाच्या नुसत्या पायऱ्या होतात. सेकंदाला १० नोंदी देणारा जीपीएस रिसीव्हर जोडला आणि आलेख वाचण्याजोगा झाला. डोंगल आता इंजिन नीट तापलंय का एवढंच बघायला ठेवलाय.

दोघं बसून गाडी ११५० किलो भरते. टायर आणि बेअरिंगचा रोध साधारण १३५ न्यूटन, वेग कितीही असो. हवेचा रोध ताशी ४० ला ४५ न्यूटनच्या आसपास, ८० ला थेट चौपट, म्हणजे साधारण १८५. दोन्हींची बरोबरी होते ती ७० च्या जरा अलीकडे. हायवेला ८० ऐवजी १०० ने गेलं की पेट्रोल कुठे जातं, ते मला या आलेखावरून पहिल्यांदा नीट समजलं.

एकाच दिशेने मोजलेल्या आकड्यावर मात्र अजिबात भरवसा नको. डोळ्यांना सपाट वाटणाऱ्या रस्त्याला एक टक्का चढ असला, तरी ११० न्यूटनची भर पडते. समोरून ताशी ७ किलोमीटरची झुळूक आली, तर ८० च्या वेगाला हवेचा रोध १८ टक्क्यांनी वाढतो. म्हणून त्याच पट्ट्यावर जाऊन-येऊन मोजायचं आणि सरासरी घ्यायची. तेही पहाटे, वारा पडलेला असताना आणि मागे-पुढे एकही गाडी नसताना. इंजिन बंद करायचं नाही; स्टीअरिंग जड होतं आणि ब्रेकची मदत जाते.

संचाचे पैसे वसूल झाले ते हिवाळ्यात. हवेचा आकडा जागच्या जागी होता, पण टायरवाला आकडा १३५ वरून १६० च्या वर गेला. टायरमधली हवा बरोबर होती. थांबून चारही चाकांजवळ हात नेऊन पाहिला, तर मागचं डावं चाक इतरांपेक्षा चांगलंच गरम. हँडब्रेकची केबल अडकून ब्रेक-शू ड्रमला घासत होता. गाडी चालवताना काहीच जाणवत नव्हतं, आवाजही नव्हता. मेकॅनिकने केबल मोकळी केली आणि आकडा पूर्वीच्या जागी आला.

अ‍ॅपमध्ये एक गोष्ट खटकते. हवेची घनता ते घनमीटरला १.२२५ किलो धरतं, ती समुद्रसपाटीची, १५ अंशांची. पुण्याच्या उंचीवर २५ अंशांना ती १.११ च्या आसपास असते. एकूण जोर त्याने चुकत नाही, पण अ‍ॅप गाडीचा ड्रॅग गुणांक (गाडीच्या आकाराला हवा किती अडवते ते सांगणारा आकडा) नऊ-दहा टक्क्यांनी कमी दाखवतं. सेटिंगमध्ये घनता हाताने बदलता येते, तेवढं आधी करून घ्या.