एअर रायफलीचे छर्रे आणि हवा भरण्याचा पंप : पहिल्या खरेदीचा अभिप्राय

स्वप्नील कुसाळे यांनी 2024 मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवले, त्यानंतर आमच्या घरी नेमबाजीचा विषय निघाला आणि मुलगी पुण्यातील बालेवाडीच्या क्रीडासंकुलात 10 मीटर एअर रायफल शिकू लागली. रायफल प्रशिक्षकांच्या सल्ल्याने घेतली. छर्रे आणि हवा भरण्याचे साहित्य मात्र आम्ही शहराच्या मध्यभागातील एका दुकानातून स्वतः निवडले. हा अभिप्राय त्या दोन गोष्टींपुरताच आहे.

परदेशात अनेक नेमबाज काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या घरी पुन्हा भरतात आणि त्यासाठी प्रेस, तराजू, साचे असा संच विकत घेतात. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, 1959 नुसार दारूगोळा तयार करण्यास परवाना लागतो. शिवाय 50 मीटरच्या स्पर्धेतील .22 काडतुसात पेट घेणारे मिश्रण पुंगळीच्या कडेतच भरलेले असल्याने ते पुन्हा वापरण्याजोगे राहत नाही. त्यामुळे इथल्या नवशिक्याची खरी निवड छर्ऱ्यांपासूनच सुरू होते.

स्पर्धेचा छर्रा 4.5 मिलिमीटरचा, शिशाचा आणि सपाट तोंडाचा असतो. सपाट तोंडामुळे कागदावर स्वच्छ गोल भोक पडते. लक्ष्यावरील दहाचा ठिपका केवळ अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो. भोकाची कड त्या ठिपक्याला टेकली तरी दहा गुण मिळतात, म्हणजे छर्ऱ्याचे केंद्र लक्ष्याच्या केंद्रापासून अडीच मिलिमीटरच्या आत पडले पाहिजे. रायफल आणि छर्रे यांनीच यातले दोन मिलिमीटर खाल्ले, तर नेमबाजाच्या हाताला चुकण्यासाठी उरते ते काय? म्हणूनच डबीवर दिलेले छर्ऱ्याच्या डोक्याचे, म्हणजे पुढच्या भागाच्या व्यासाचे, माप महत्त्वाचे ठरते. एच अँड एन या कंपनीचे फिनाले मॅच छर्रे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या फरकाने वेगवेगळ्या मापांत मिळतात. आरडब्ल्यूएस या कंपनीच्या आर10 मध्ये रायफलीसाठी 0.53 ग्रॅमचे आणि पिस्तुलासाठी 0.45 ग्रॅमचे छर्रे असतात. कोणते चांगले, हे प्रत्येक नळी स्वतःच ठरवते. दुकानदारांनी आधी निरनिराळ्या मापांची एकेकच डबी घेण्यास सुचवले, हा त्यांचा सल्ला मला मोलाचा वाटला. प्रशिक्षकांनी रायफल शिकंज्यात घट्ट बसवून प्रत्येक मापाचे छर्रे दहा मीटरवरून मारून पाहिले. आमच्या नळीला 4.50 चे फिनाले मॅच जुळले, 4.49 चा झुबका, म्हणजे कागदावरील भोकांचा पुंजका, डोळ्यांनी दिसण्याइतका पसरला. त्यानंतर त्याच लॉट क्रमांकाच्या (एकाच वेळी बनलेल्या) डब्या एकदम घेतल्या, कारण लॉट बदलला की ही चाचणी पुन्हा करावी लागते. छर्रे डबीतून ओतू नयेत, कारण मागची पातळ कड वाकते. शिसे हाताळल्यावर खाण्यापूर्वी हात साबणाने धुण्याबाबत मात्र आम्ही घरी अजिबात सूट देत नाही.

छर्रा रायफलीच्या सिलिंडरमधील दाबाच्या हवेने सुटतो; ती हवा भरण्यासाठी दोन पर्याय होते. पाण्यात बुडी मारणारे पाठीवर घेतात तशा हवेच्या टाकीतून रायफलीचा सिलिंडर क्षणात भरतो. परंतु ती टाकी महाग, जड आणि पुन्हा कुठेतरी नेऊन भरून आणावी लागणारी असते. रोज घरी सराव करणाऱ्यालाच ती परवडावी. आम्ही हातपंप घेतला आणि सुरुवातीसाठी तो पुरेसा आहे. दाब 200 बारच्या (बार हे दाबाचे एकक) जवळ गेला की दांडा ढकलायला प्रौढ माणसाचे वजन लागते, त्यामुळे ते काम मुलांवर सोपवता येत नाही. पंप तापतो, म्हणून मध्येमध्ये थांबावे लागते, आणि साठलेली आर्द्रता झडप उघडून बाहेर सोडावी लागते. पुण्याच्या पावसाळ्यात तर हे टाळूच नये. उच्च दाबाच्या हवेच्या वाटेत साधे तेल घालणे धोक्याचे आहे, कारण दाबाखाली ते पेट घेऊ शकते.

जुनी रायफल घेणाऱ्यांनी सिलिंडरवरील निर्मितीची तारीख आधी वाचावी. आंतरराष्ट्रीय नियमांत सिलिंडरची मुदत जास्तीत जास्त दहा वर्षे आहे. ती संपत आली असेल, तर नव्या सिलिंडरची किंमत सौद्यात धरावी.

दुकानाविषयी एकच तक्रार आहे. छर्ऱ्यांबाबत इतकी काळजी घेणाऱ्या या मंडळींकडे पंपाच्या ओ-रिंगचा संच शिल्लक नव्हता. या रबरी कड्या झिजणारच असतात, त्यामुळे पंपासोबत त्या मिळत नसतील तर पंप दुसरीकडून घ्यावा आणि छर्रे मात्र इथूनच घ्यावेत.