प्रायमर ट्यूबच्या नादात २२,३०० रुपये घालवले

मी सोलापूरचा, अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे आणि चार वर्षं झाली शौक म्हणून दहा मीटर एअर पिस्तूल मारतो. लिहायला लाज वाटतेय, पण क्लबातल्या अजून दोघांना तीच रील आलीय म्हणून लिहितोच.

रीलमध्ये अमेरिकेतले एक आजोबा घरी बसून वापरलेली काडतुसं परत भरत होते. काडतूस भरायच्या यंत्राला, म्हणजे प्रेसला, प्रायमर (काडतुसाच्या बुडातली दारू पेटवणारी छोटी टोपी) एका बारीक नळीतून जातात, एका नळीत शंभर, आणि सगळ्यांचं तोंड एकाच बाजूला पाहिजे. त्यासाठी बारीक खाचांची एक ताटली असते, त्यात प्रायमर ओतून आई सुपात तांदूळ घोळवते तसं हलवायचं, मग उलटे पडलेले एकेक करून सुलटे होतात, आणि नळीचं टोक एकेकावर टकटक दाबत उचलत जायचं. लै किचकट काम. तर ह्यांच्याकडे ते सगळं करणारं एक छोटं थरथरणारं मशीन, मिनिटाभरात नळी फुल्ल.

आमच्या आईने आयुष्यभर लूमच्या कांड्या भरल्यात, त्यामुळे असलं मशीन दिसलं की माझं डोकं तिथंच अडकतं. काडतूस भरायचं नव्हतंच मला, आपल्याकडे लायसनशिवाय ते करताच येत नाही. पण छोटा प्रायमर साधारण ४.४५ मिमी आणि आपला पेलेट, म्हणजे एअर पिस्तुलाचा छर्रा, ४.५, आणि पेलेट पेनमध्ये (छर्रे भरून ठेवायची पेनासारखी नळी) सुद्धा सगळे एकाच तोंडाने भरावे लागतात, मॅचला ६० शॉट म्हणजे भरून भरून बोटं काळी. वाटलं, जमतंय की. (जमलं नसतं. पेलेट कमरेत बारीक आणि मागचा घेर एकदम पातळ, थरथरून थरथरून दबला असता. हे पैसे गेल्यावर सुचलं.)

मशीन मागवायचं ठरवलं. किंमत २,८०० रुपये, आधी पैसे, कॅश ऑन डिलिव्हरी नाही. क्यूआरवर दुकानाच्या जागी कुठल्यातरी बाईचं नाव आलं, तरी पाठवले. चार दिवसांनी मेसेज, पार्सल कस्टममध्ये अडकलंय, ४,५०० भरा. पावतीपण पाठवली, आणि मी ती झूम करून पाहिलीसुद्धा नाही. नंतर मोजलं तर जीएसटी नंबर १४ आकडी, खरा १५ आकडी असतो. आणि कस्टमच्या पत्रावर डिन नंबर, म्हणजे त्या कागदाचा ओळख नंबर, असतो, तो त्यांच्या साइटवर टाकून चेक करता येतो, हे तर तेव्हा माहीतच नव्हतं.

खरा खेळ त्याच्यापुढं. दुसऱ्या दिवशी दुपारी कारखान्यातच व्हिडिओ कॉल, समोर वर्दीतला माणूस, मागे झेंडा. 'आपके पार्सल में ॲम्युनिशन बनाने की मशीन है, आर्म्स ॲक्ट सेक्शन २५, कॅमेरा बंद मत करना.' आता बघा, मी नेमबाज असल्यामुळेच घाबरलो. १९५९ च्या ह्या कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे पार्ट आणि बनवायच्या मशिनरीचा उल्लेख आहे हे मला माहीत होतं, दुसऱ्या कुणाला असलं काही सांगितलं असतं तर तो हसला असता. हातपाय गार पडले. व्हेरिफिकेशनसाठी १५,००० पाठवा, चौकशी झाली की परत. पाठवले! मग लगेच अजून ४०,००० मागितले.

तेवढ्यात आमचे जॉबर (लूमची देखभाल करणारे) अण्णा आत आले, लूम बंद पडलाय सांगायला. माझा चेहरा बघून फोन हातातून घेतला, पाच सेकंद ऐकलं आणि कट. 'काय हो साहेब, पोलीस कधी क्यूआर पाठवतो का?' एवढंच. मी मात्र तासभर कॅमेऱ्यासमोर उभा होतो.

असं कॅमेऱ्यासमोर अडकवून ठेवण्याला डिजिटल अरेस्ट म्हणतात, पण तसलं कायद्यात काही नाहीये. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला, सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार टाकली, स्क्रीनशॉट आणि यूटीआर नंबर (प्रत्येक व्यवहाराचा बँकेचा ओळख नंबर) जोडले. शेवटच्या १५,००० मधले ६,२०० पुढच्या एका खात्यात होल्ड झालेत, लगेच फोन केला म्हणून तेवढे तरी अडकले. पहिले दोन पेमेंट जुने होते, ते कधीच काढून घेतलेले. होल्डचे पैसे अजून हातात आलेले नाहीत, बँकेच्या दोन चकरा झाल्या.

बायकोला १५,००० च सांगितलेत. परवा तीच रील परत दिसली, पेजचं नाव वेगळं, आजोबा तेच, किंमत आता २,४०० केलीय.