ॲरो फंक्शन सहा महिने वापरल्यावर: ‘सेल्फ’ला रामराम

जावास्क्रिप्टमध्ये मेथडच्या आतल्या फंक्शनमध्ये धिस, म्हणजे मेथड ज्या ऑब्जेक्टवर चालते तो, हरवतो, हे नव्याने सांगायला नको. त्यावर माझा उपाय ठरलेला होता: मेथडच्या पहिल्याच ओळीत ‘व्हार सेल्फ = धिस’, म्हणजे धिस सेल्फ नावाच्या व्हेरिएबलमध्ये जपून ठेवायचा. वर्षानुवर्षं बिनतक्रार चालला.

मग एका पानावर बेरजेच्या जागी ‘नॅन’ (‘ही संख्याच नाही’) दिसायला लागलं. दोन रात्री गेल्या. कन्सोल स्वच्छ, एकही एरर नाही. शेवटी सापडलं: कोड एका मेथडमधून दुसरीत हलवताना ती ओळ मागेच राहिली होती. तरी ब्राउझर गप्प, कारण सेल्फ नावाचं ग्लोबल तिथे आधीपासूनच असतं आणि ते म्हणजे खुद्द विंडो, ब्राउझरचं ग्लोबल ऑब्जेक्ट! माझी बेरीज ऑब्जेक्टऐवजी विंडोवर चालली होती. चुकांबाबत जास्त कडक असलेला स्ट्रिक्ट मोड लावलेला होता, त्यानेही हे पकडलं नाही. व्हेरिएबलला ‘दॅट’ म्हटलं असतं, तर त्याच ओळीवर रेफरन्स एरर (‘असं नावच नाही’) आली असती. एका नावापायी दोन रात्री! याचा राग अजून गेलेला नाही.

त्याच दिवशी ॲरो फंक्शनकडे, म्हणजे बाणाच्या खुणेने (=>) लिहायच्या फंक्शनकडे, वळलो. 2015 पासून भाषेत आहेत, मीच उशीर केला. ॲरोला स्वतःचा धिस नसतो. जिथे लिहिलं तिथला बाहेरचा धिस ते घेतं. मॅपच्या आत सेटटाइमआउट, त्याच्या आत आणखी एक कॉलबॅक, तरी धिस जागच्या जागी. पहिले दोन महिने मी खूश होतो.

इतका, की ऑब्जेक्टच्या मेथडही ॲरोत लिहिल्या. तिथे फसलो. ऑब्जेक्टचा महिरपी कंस धिससाठी वेगळं घर बनवत नाही, त्यामुळे मेथडला ऑब्जेक्टच्या बाहेरचा धिस मिळाला. एरवी धिस हाताने ठरवून देणाऱ्या कॉल किंवा अप्लायने तो बदलताही येत नाही. आता मेथड साधी आणि तिच्या आतलं सगळं ॲरो, असं लिहितो.

इव्हेंट लिसनरसाठी, म्हणजे क्लिकसारख्या घटनेवर चालणाऱ्या फंक्शनसाठी, मात्र धिस पक्का बांधून देणारं बाइंड ठेवलंय, तेही कन्स्ट्रक्टरमध्ये एकदाच. बाइंड दर वेळी नवं फंक्शन देतं. लिसनर काढताना पुन्हा बाइंड केलं की जुना लिसनर तसाच चिकटून राहतो. माझ्याकडे एका क्लिकला चार नोंदी पडत होत्या, त्या यामुळेच.

तीन जुन्या फाइलींत अजून सेल्फ आहे. त्या या आठवड्यात उपसतोय.