घर देसूरला घ्यावं की खानापूरला?

बेळगावात नोकरी आहे, पण शहरातली जागा आवाक्याबाहेर गेली. मग नजर खानापूर रस्त्याकडे वळते, आणि दोन नावं पुढे येतात. दोन्ही गावं १८८७ साली सुरू झालेल्या बेळगाव-लोंढा रेल्वेमार्गावरची. प्लॉट दाखवणारे दोन्हीकडे 'स्टेशन जवळ' म्हणून सांगतात. पण त्या स्टेशनवर कुठली गाडी थांबते, हे आधी विचारा.

देसूर म्हणजे शहराच्या वेशीवरचं गाव. मच्छे, तिथलं व्हीटीयू (तंत्रशिक्षणाचं विद्यापीठ), उद्यमबागेतले कारखाने, सगळं त्याच रस्त्यावर. तरी शिवारात भात डोलतो, गल्लीत मराठी ऐकू येते. स्टेशन लहान: पॅसेंजर थांबते, एक्स्प्रेस धडधडत निघून जातात. लांबची गाडी धरायला बेळगावलाच यावं लागतं. म्हणून देसूर घ्यायचं ते रस्त्याच्या जोरावर, रेल्वेच्या भरवशावर नव्हे. उद्यमबागेत पाळी असेल, रात्री उशिरा दुचाकीवरून परतायचं असेल, तर मी दुसरीकडे बघणारही नाही.

खानापूरचं तसं नाही. तालुक्याचं ठिकाण, त्यामुळे कचेरी, कोर्ट, बाजार हाताशी. शेजारून मलप्रभा वाहते. इथल्या मातीची कौलं नावाजलेली, कुंभारकाम शिकवणारी संस्थाही इथेच आहे. राणी चन्नम्मा एक्स्प्रेस थांबते; संध्याकाळी बसलं की सकाळी बेंगळुरू. गोव्याकडे जायचं तर लोंढा जंक्शन पुढेच. मुलगा किंवा मुलगी बेंगळुरूला असेल, तर म्हातारपणी या थांब्याची किंमत कळते.

पण बेळगावचं अंतर पंचवीसेक किलोमीटर, आणि वाटेत गणेबैलचा टोल. रोज कार काढणाऱ्याने हा खर्च घराच्या हप्त्यातच धरावा. देसूर टोलच्या अलीकडे, बेळगावच्या बाजूला आहे. पाऊसही खानापूरला जास्त, त्यामुळे जागा जुलैत बघा. पाणी कुठे साचतं ते तेव्हाच दिसतं.

मुलांच्या शाळेचं मात्र मनापासून सांगते. मराठी माध्यम हवं असेल तर दोन्हीकडे शाळेत स्वतः जाऊन पट आणि शिक्षक किती ते विचारा. आणि ठीक वाटलं तर मुलं तिथेच घाला. आपणच पाठ फिरवली तर या भागातल्या मराठी शाळा टिकणार नाहीत.

एकट्याची नोकरी असेल तर देसूर. आई-वडील सोबत असतील, बेळगावची फेरी रोजची नसेल, तर खानापूर. पण घर स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर बघा.