दोन कप्प्यांचा एअर फ्रायर: एकच भाजी, दोन जिभा

माझ्या पत्नीला फ्लॉवर, ब्रोकोली, कोबी या कुळातल्या सगळ्याच भाज्या कडवट लागतात आणि मला त्या जेमतेम शिजलेल्या, दाताखाली करकरीत लागणाऱ्या आवडतात. पहिली काही वर्षे मी तिच्या नावडीला हट्ट समजत होतो. पुढे वाचनात आले की टीएएस२आर३८ या जनुकाच्या प्रकारानुसार काहींच्या जिभेला या भाज्यांतला कडवटपणा जन्मतःच अधिक जाणवतो. तेव्हापासून समजावण्याचा नाद सोडून मी शिजवण्याची रीत बदलायचे ठरवले आणि प्रत्येकी ४ लिटरचे दोन कप्पे असलेला एअर फ्रायर घेतला. आठ महिन्यांच्या जवळपास रोजच्या वापरानंतर हा अभिप्राय लिहीत आहे.

नावात ‘फ्रायर’ असले तरी हे यंत्र काहीही तळत नाही. वरच्या बाजूला तापणारी कॉइल आणि पंखा असलेली ती एक लहान भट्टी आहे. वेगाने फिरणारी गरम हवा भाजीच्या पृष्ठभागावरचे पाणी चटकन उडवते आणि तो कोरडा पृष्ठभाग साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे तापला की त्याला तपकिरी रंग आणि खमंग वास येतो. उघड्या भांड्यात उकळणारी भाजी १०० अंशांच्या वर जात नसल्यामुळे तिला हा खमंगपणा कधीच येत नाही. उलट फ्लॉवर जास्त वेळ उकळला तर गंधकासारखा उग्र वास सुटतो. पत्नीची निम्मी तक्रार चवीची नसून या वासाची होती, हे मला यंत्र घरात आल्यावर उमगले.

दोन कप्प्यांचा खरा उपयोग इथे होतो. एकदाच चिरलेला फ्लॉवर मी दोन्हींत वाटतो. तिच्या कप्प्यात लहान तुरे २०० अंशांवर १८ मिनिटे, कडा काळसर होईपर्यंत राहतात, तर माझ्या कप्प्यातले मोठे तुरे १८० अंशांवर १० मिनिटांत होतात. दोन्ही कप्पे एकाच वेळी थांबावेत अशी सोय यंत्रात असल्याने कमी वेळाचा कप्पा उशिरा सुरू होतो आणि दोघांच्या ताटात भाजी गरमच येते. पूर्वी मी दोन वेगळ्या भाज्या करत असे, त्यांतली एक नेहमी थंड झालेली असे आणि ती बहुधा माझी असे.

‘बिनतेलाचा स्वयंपाक’ या जाहिरातीवर मात्र विश्वास ठेवू नये. तेलाचा हात न लावलेली भाजी चिवट होते आणि तिच्यावर भुरभुरलेला मसाला पंख्याच्या वाऱ्याने उडतो. दोन्ही कप्प्यांना मिळून एक लहान चमचा तेल पुरते. एका मोठ्या चमचाभर तेलात सुमारे १२० कॅलरी असतात, हे लक्षात घेतले तर एवढी बचतही पुष्कळ आहे.

मिठाच्या बाबतीत यंत्राची काहीच मदत होत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते आणि पत्नीला तर खारट आवडते. यावर उपाय ताटातच सापडला: मीठ शिजवताना न घालता वाढताना वरून घातले की ते थेट जिभेला लागते आणि थोड्यातच भागते. सोबत लिंबू पिळले तर आणखी कमी लागते.

दोषही आहेत. कप्पा काठोकाठ भरला की भाजी खमंग होण्याऐवजी वाफेवर मऊ होते, म्हणून एकच थर पसरावा लागतो आणि पाहुणे आले की यंत्र अपुरे पडते. दोन्ही कप्पे एकदम चालू असताना प्रत्येकाला तीन-चार मिनिटे जास्त लागतात. रसदार पदार्थांसाठी ते निरुपयोगी आहे. आतला लेप मी स्वतःच स्टीलच्या चिमट्याने ओरखडला, त्याचा दोष यंत्राला देता येणार नाही. दोघांच्या आवडी जुळत असतील तर एकाच मोठ्या कप्प्याचा प्रकार घ्यावा.

आमचे अजून न मिटलेले भांडण बटाट्याचे आहे. पिष्टमय पदार्थ १२० अंशांच्या वर कोरडे भाजताना ॲक्रिलामाइड हे आरोग्याला अपायकारक मानले जाणारे रसायन तयार होते आणि रंग गडद होत जाईल तसे ते वाढते, म्हणून मी चिरलेल्या फोडी अर्धा तास पाण्यात ठेवून, पुसून, सोनेरी होताच थांबवतो. पत्नीला त्या गडद तपकिरी हव्या असतात. मी तिचा कप्पा बाहेर ओढतो आणि माझी पाठ वळली की ती तो पुन्हा आत ढकलते.