बंद पन्नीतला वेताळ

आकडा आधीच सांगून टाकतो: एक लाख चव्वेचाळीस हजार रुपये. जुन्या कॉमिक्सचे बारा अंक, प्रत्येकी बारा हजार. त्यातला एक खरा निघाला.

मी इंदूरचा, रामबागेत वाढलेला. लहानपणी गल्लीच्या तोंडाशी एका दुकानात कॉमिक्स भाड्याने मिळायची. दहा पैसे रोज, आणि पान मुडपलेलं दिसलं की पाच पैसे दंड. इंद्रजाल कॉमिक्स ही टाइम्स ऑफ इंडियावाल्यांची मालिका मार्च १९६४ मध्ये इंग्रजीत सुरू झाली आणि १९९० मध्ये बंद पडली, म्हणजे माझी अख्खी शाळा-कॉलेजची वर्षं तिच्या पोटात मावतात. दुकानात हिंदी अंक असायचे, त्यात अमेरिकन नायक ‘फँटम’ वेताल होऊन यायचा. पुण्याहून मामा यायचा तो मराठी अंक आणायचा, त्यात वेताळ. त्या ‘ळ’मुळे मामाचा वेताळ आम्हाला जास्त खरा वाटायचा. १९८७ साली मी नोकरीनिमित्त भोपाळला गेलो आणि मागे आईने माझे दीडेकशे अंक रद्दीवाल्याला घातले, किलोच्या भावाने. हे रडगाणं मी पुढे प्रत्येक लग्नकार्यात गात आलो. बायको तर ते सुरू झालं की उठून दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसते.

असंच एका साखरपुड्यात गात होतो. शेजारी चाळिशीचे एक गृहस्थ बसले होते, त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, “काका, तुमच्याकडे ‘मौत का द्वीप’सारखं काही होतं का, की सगळे नंतरचेच?” असलं काही मला आठवत नव्हतं, पण असा प्रश्न विचारणारा माणूस मला तीस वर्षांत भेटला नव्हता. मी खूश. बोलता बोलता आजोळ, गाव, कुणाच्या ओळखीचे वगैरे निघालं. आपला मराठी माणूस. इंदुरात या चार शब्दांवर काय काय होतं, ते इथे राहणाऱ्यालाच कळेल. घर भाड्याने मिळतं, मुलीचं स्थळ ठरतं, आणि पावती मागायची लाज वाटते.

पुढचे दोन महिने तो मला शिकवत होता. हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. सराफ्यातल्या खाऊगल्लीत रात्री भुट्ट्याचा कीस खाता खाता त्याने खिशातून भिंग काढलं आणि जुन्या छपाईतले ठिपके कसे पडतात ते दाखवलं. वर्तमानपत्री कागद पिवळा का पडतो, ते समजावलं. लाकडातलं लिग्निन हवेने आणि उजेडाने तांबूस होतं, म्हणून खरा जुना अंक कडांकडून आतल्या बाजूला पिवळा होत जातो आणि मधोमध फिकट राहतो. पिना गंजलेल्या हव्यात, आणि त्या गंजाचा डाग आतल्या पानांवर उतरलेला हवा. वास घ्यायचा. “हे सगळं शिकून घ्या काका, म्हणजे तुम्हाला कुणी फसवणार नाही.”

त्याच्या हातचे पहिले तीन अंक मी चारशे ते सहाशेला घेतले. तिन्ही अस्सल, सत्तरीच्या दशकातले. खजुरी बाजारात ज्यांच्याकडून मी वर्षानुवर्षं जुनी पुस्तकं घेतो, त्या आजोबांनीही ते बघून मान डोलावली. महिन्याभराने त्यातलाच सहाशेचा अंक त्याने माझ्याकडून अकराशेला परत घेतला. “बंगळुरूचं गिऱ्हाईक आहे, तुमचा फायदा होऊ दे.” पाचशे रुपये नफा, घरबसल्या! त्या पाचशे रुपयांत त्याने मला विकत घेतलं, हे आता दिसतं.

मग आली अमेरिका. एप्रिल २०२४ मध्ये ‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक, ज्यात १९३८ साली सुपरमॅन पहिल्यांदा आला, तो लिलावात साठ लाख डॉलरना गेला. बातमी खरी आहे. मूळ किंमत दहा सेंट, हेही खरं. ती प्रत दहा गुणांच्या मापावर साडेआठची होती, तेही खरं. तिकडे फ्लोरिडातली एक संस्था २००० सालापासून अंक तपासते, गुण देते आणि कडक प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करून देते. डबीवर क्रमांक असतो आणि तो त्यांच्या संकेतस्थळावर टाकून पडताळता येतो. या सगळ्या खऱ्या गोष्टी त्याने मला सांगितल्या, फक्त शेवटची क्रमांकाची सोडून. खोटं बोलायची त्याला गरजच पडली नाही. भारतात हा बाजार आत्ता उघडतोय, आपण पहिल्या पायरीवर आहोत, एवढंच म्हणाला.

श्रावणात तो लॉट घेऊन घरी आला. बारा हिंदी अंक, १९६७ ते १९६९ मधले. प्रत्येक अंक जाड, पारदर्शक पन्नीत, मागे पुठ्ठा, तोंडाला चिकटपट्टी आणि कोपऱ्यात सोनेरी गोल लेबल: ८.५, ८.०, ८.५. सगळ्यात वरचा अंक त्याने पन्नीतून काढून माझ्या हातात दिला. मी भिंग लावलं, कडा बघितल्या, पिना बघितल्या, वास घेतला. चोख. शिष्याने गुरूसमोर परीक्षा दिली आणि पैकीच्या पैकी गुण मिळवले.

बाकीचे अकरा?

“तेही उघडा हवं तर. पण पन्नी फुटली की गुण जातात, काका. मग साडेआठचा अंक साडेसहाच्या भावाने जाईल. तुमचा माल, तुमची मर्जी.”

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, “वाचायचं नाही तर घ्यायचं कशाला?” मी तिला गुंतवणूक म्हणजे काय ते समजावून सांगितलं. आता त्या व्याख्यानाची आठवण झाली की कान गरम होतात.

सत्तर हजार रोख दिले, चौऱ्याहत्तर हजार मोबाइलवरून. पैसे ज्या खात्यात गेले त्यावर भलतंच नाव आलं. “मेहुण्याचं खातं आहे, माझ्या खात्याची लिमिट संपली.” इथे हात थांबायला हवा होता. समोर दिसणारं नाव आणि माणूस वेगळे असतील तर बटण दाबू नका, मग तो तुमच्या आजोळचा असो नाहीतर पंगतीत तुमच्या शेजारी जेवलेला असो. पावती मागितली नाही. मागायला लाज वाटली.

सात महिने ते अंक कपाटात, साड्यांच्या वरच्या खणात होते. मी महिन्यातून एकदा पन्न्या बाहेर काढायचो, बघायचो आणि परत ठेवायचो. लहानपणी ज्या अंकासाठी भावाशी मारामारी केली तोच अंक हातात आहे आणि मी तो उघडत नाही, हे विचित्र आहे असं मला तेव्हा एकदाही वाटलं नाही.

होळीनंतर त्याचा निरोप आला. इंग्रजी अंकांचा सलग संच मिळतोय, १२१ ते १३०, एकही अंक गाळलेला नाही, म्हणून किंमत जास्त. चाळीस हजार आगाऊ द्या, बाकीचे नंतर. मी तयार होतो. यादी फक्त हौस म्हणून भाच्याला पाठवली. तो न्यू जर्सीत असतो आणि असल्या गोष्टींचा त्याला नाद आहे. अर्ध्या तासात त्याचा फोन.

“मामा, तुम्ही पैसे दिलेत?”

“अजून नाही.”

“देऊ नका. १२३ आणि १२४ नंबरचे अंक निघालेच नव्हते. संप होता. पुढे नंबर चालू राहिले, पण ते दोन कधी छापलेच गेले नाहीत.”

जे अंक जगात नाहीत त्यांची आगाऊ रक्कम मी भरणार होतो. मग भाच्याने दुसरा प्रश्न विचारला: आधी काही घेतलंय का? मी गप्प. त्यानेच तिकडचा एक किस्सा सांगितला. सुपरमॅनच्या त्या पहिल्या अंकाची १९७४ साली कंपनीनेच मोठ्या आकाराची आवृत्ती काढली होती. तिच्यावर एक वेगळं बाहेरचं कव्हर होतं. ते फाडून टाकलं की आत हुबेहूब १९३८ चं कव्हर. कित्येकांनी ते मूळ अंक म्हणून विकायचा प्रयत्न केला. पट्टीने मोजलं तर लगेच कळतं, कारण ती आवृत्ती मूळ अंकापेक्षा बरीच मोठी आहे. पण मोजणार कोण? “फोटोत आकार दिसत नाही, मामा. आणि पन्नीत आतलं पान दिसत नाही.”

फोन ठेवला आणि कात्री घेतली.

पहिली पन्नी कापली. कव्हरवर वेताल, १९६८. पान उलटलं तर आत बहादूर. भगवा कुर्ता, खाली जीन्स, डाकूंच्या मागे. बहादूर हे आबिद सुरतींचं पात्र, ते जन्मालाच आलं १९७६ मध्ये. म्हणजे १९६८ च्या कव्हरमध्ये आठ वर्षांनंतर जन्मणारा नायक बसला होता. मला हसू आलं, खरंच. मग दुसरी पन्नी, तिसरी. कुठे जादूगार मँड्रेक, कुठे वेतालच पण भलतीच कथा. एकात एका कंपनीची जाहिरात होती, खाली पत्ता, आणि पत्त्यात सहा आकडी पिनकोड. आपल्याकडे पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ ला. ‘१९६७’च्या अंकात तो असूच शकत नाही. हे मात्र मला गुरूने शिकवलं नव्हतं. त्याने तेच शिकवलं जे त्याचा माल पास करणार होता.

त्याची पद्धत मग माझी मलाच उलगडली. कव्हर फाटलेले सत्तरीतले, ऐंशीतले अंक रद्दीत मातीमोल भावाने मिळतात. आतली पानं खरोखर जुनी, वास खरा, गंज खरा. त्यावर जुन्या दुर्मीळ अंकाचं कव्हर स्कॅन करून, छापून, चहाच्या पाण्यात बुडवून चढवायचं. चहाचा पिवळेपणा सगळीकडे सारखा बसतो, कडेला गडद आणि मधे फिकट असा नाही. पन्नीतून ते कळत नाही. पिना जुन्याच काढून परत ठोकलेल्या होत्या. आतल्या पानांवर गंजाचा डाग एका जागी आणि कव्हरचं भोक त्यापासून दोन मिलिमीटर खाली. काही पानांना भोकांच्या दोन जोड्या होत्या. भाच्याच्या सांगण्यावरून नोटा तपासायचा जांभळा दिवा आणला. अंधारात आतली पानं मेल्यासारखी राहिली आणि कव्हर निळसर पांढरं चमकलं, धुतलेल्या शर्टासारखं. (नुसत्या चमकण्यावरून निकाल देऊ नका, जुन्या पांढऱ्या कागदातही कधीकधी असं चमकणारं द्रव्य असतं. पण आत-बाहेर एवढा फरक दिसला तर पाणी मुरतंय समजा.)

अमर चित्र कथा गोळा करणाऱ्यांनाही इथेच सांगतो, कारण माझ्या ओळखीतले एक जण त्याच वाटेने निघाले आहेत. ती मालिका १९६७ ची, पण तिचे अंक पुन्हा पुन्हा छापले गेले, नंतर पाचशेच्या पुढचे नवे क्रमांकही आले. ‘कृष्ण’ मुळात ११ व्या क्रमांकाचा होता, नंतर तो ५०१ झाला. पुनर्मुद्रण म्हणजे खोटा माल नव्हे, पण ते पहिल्या आवृत्तीच्या भावाने विकणं हा नक्कीच खोटेपणा आहे. किंमत, क्रमांक, पत्ता, तिन्ही वाचा. इंग्रजी अंकावर बॉम्बेऐवजी मुंबई दिसली तर तो १९९५ नंतरचा असण्याची शक्यता जास्त. मराठी अंकाला मात्र ही परीक्षा लावू नका, मराठीत मुंबई ही मुंबईच होती.

त्याला फोन लावला. पहिल्यांदा म्हणाला, “पन्नी का फोडलीत? आता मी परत कसे घेऊ?” दुसऱ्यांदा उचलला नाही. तिसऱ्यांदा नंबर बंद. साखरपुडा ज्यांच्या घरचा होता त्यांना विचारलं. मुलाकडचे म्हणाले मुलीकडचा असेल, मुलीकडचे म्हणाले मुलाकडचा. तो कुणाचाच नव्हता. जेवून गेला होता.

१९३० वर फोन केला. ऑनलाइन पैसे गेले असतील तर हा नंबर लगेच, त्याच तासात लावायचा असतो, म्हणजे खात्यातली रक्कम अडकवता येण्याची शक्यता असते. सात महिन्यांनी लावून काय होणार? तरी तक्रार नोंदवली. मग ठाण्यात गेलो. आयुष्यभर आपण ‘चारसौबीस’ म्हणत आलो, पण जुलै २०२४ पासून फसवणुकीचं कलम आहे भारतीय न्याय संहितेतलं ३१८. समोरच्या हवालदाराने अर्ज दोनदा वाचला.

“कॉमिक्स? एक लाख चवालीस हजार की?”

“हो.”

“सोने की थी क्या भिया?”

पुरावा म्हणून एक अंक त्यांनी ठेवून घेतला, बहादूरवाला. उरलेल्या दहा अंकांची कव्हरं मी काढून टाकली आणि अंक उघडेच टीपॉयवर ठेवले. खरा निघालेला एक खजुरी बाजारातल्या आजोबांना दाखवला. ते म्हणाले, साडेतीन हजार देतो. विकला नाही.

पंधरा दिवसांनी तपासाचं विचारायला ठाण्यात गेलो. खातं कुणा तिसऱ्याच माणसाच्या नावावर होतं, आणि ते रिकामं होतं. हवालदाराने खण उघडून अंक बाहेर काढला. कोपरे वळले होते, मधल्या पानावर कचोरीच्या तेलाचा डाग. माझ्याकडे बघून जरा ओशाळला.

“भिया, इसका अगला पार्ट है क्या आपके पास?”

दुसऱ्या दिवशी नेऊन दिला.