आइसलंड: ब्लू लगून की गावातला गरम पाण्याचा तलाव?

आइसलंडची राजधानी रेक्याविकमध्ये दोनच दिवस असतील तर हा प्रश्न पडतोच: शहराबाहेरच्या ब्लू लगून या प्रसिद्ध गरम पाण्याच्या स्नानस्थळी जायचं, की गावातल्याच तलावात?

खर्चात तुलनाच नाही. ब्लू लगूनचं साधं तिकीटही सहसा दहा हजार क्रोनांच्या पुढे जातं आणि वेळ आधी आरक्षित करावी लागते. लॉयगार्दाल्सलॉयगसारख्या पालिकेच्या जलतरण तलावात हजार-दीड हजारात, आयत्या वेळी गेलात तरी चालतं.

पाण्याचं म्हणाल तर लगूनचं निळसर दुधी पाणी नैसर्गिक झऱ्याचं नाही. ते शेजारच्या स्वार्त्सेंगी भूऔष्णिक वीजकेंद्रातून येतं. त्यातल्या सिलिकामुळे केस काथ्यासारखे राठ होतात. आधी भरपूर कंडिशनर चोपडा आणि केस वर बांधा. जोडवी, पैंजण काढूनच ठेवा, गंधकाने चांदी काळी पडते. गावातल्या तलावात मात्र साधं गरम पाणी आणि साधारण 38 ते 44 अंशांची वेगवेगळी कुंडं. सर्वांत कमी तापमानाच्या कुंडापासून सुरुवात करा, थेट 44 मध्ये उतरलात तर चक्कर येऊ शकते.

आपल्याकडच्यांना अवघड जातं ते अंघोळीचं. तलावात उतरण्याआधी पूर्ण विवस्त्र होऊन साबणाने अंग धुणं सक्तीचं आहे, कारण पाण्यात क्लोरीन कमी ठेवतात. लगूनमध्येही नियम हाच, पण तिथे आडोशाची न्हाणीघरं मिळतात.

विमानतळावर येता-जाता चार तास मोकळे असतील, तर लगून. ते केफ्लाविक विमानतळापासून गाडीने वीसेक मिनिटांवर आहे. मात्र 2023 च्या अखेरीपासून त्या भागात वारंवार ज्वालामुखी उद्रेक झाल्याने निघण्यापूर्वी ते उघडं आहे ना, हे बघाच. मुलं बरोबर असतील, रोज संध्याकाळी अंग शेकायचं असेल किंवा स्थानिकांच्या गप्पांत बसायचं असेल, तर गावातला तलावच.